भिंगातून पाहिलेली अंडी

"अहो, दोनच उरली?" बायकोने टोपलीत डोकावून विचारलं.

डोळ्याला घड्याळदुरुस्तीचं भिंग लावून घड्याळजी पातेल्यावर वाकले होते. सकाळी अठरा अंडी आणली होती, आणि जेवायला सासू-सासरे येणार होते.

सासरे म्हणजे मोठ्या हॉटेलातले निवृत्त मुख्य आचारी. गेली नऊ वर्षं जावयाच्या हातचा एक घास खाऊन ते चमचा खाली ठेवत आणि म्हणत, "प्रयत्न चांगला आहे." हे वाक्य घड्याळजींच्या जिव्हारी लागायचं. या खेपेला सासऱ्यांना दुसरा घास खायला लावायचाच, म्हणून त्यांनी पोच्ड एग करायचं ठरवलं. कवच फोडायचं आणि अंडं नुसतं गरम पाण्यात सोडायचं. तेल नाही, मसाला नाही, चूक लपवायला जागाच नाही.

पहिल्या दोन अंड्यांच्या पाण्यात चिंध्या झाल्या. मग पाण्याला भोवरा दिला, तर तिसरंही फुटलं. चौथ्याला व्हिनेगर घातलं, तेव्हा बायकोने सगळ्या खिडक्या उघडल्या. शेवटी धंद्यातली अक्कल उपयोगी पडली. बारीक स्क्रू धुताना ते गाळणीत घेतात, तसं त्यांनी अंडं चहाच्या गाळणीत फोडलं. पातळ पांढरं निथळून गेलं, घट्ट तेवढं राहिलं. ते पाण्यात सोडलं मात्र, आणि काय सांगावं! पांढरं आपणहून पिवळ्याभोवती मिटत गेलं. त्याला हे कोणी शिकवलं असेल? नवराबायको दोघंही श्वास रोखून बघत राहिले.

"जमलं की हो!"

"कसलं जमलंय? ही कड बघ, हातभर फाटलीय."

"कुठे? मला तर काही दिसत नाही."

"तुला नाही दिसायचं. त्याला तशी नजर असावी लागते."

अंडं थंड पाण्याच्या भांड्यात गेलं. त्यामागून दुसरं गेलं, तिसरं गेलं. कशाला डोंगराएवढा फोड, कशाला दोरखंडाएवढा धागा. डोळ्यावर भिंग आहे, हे घड्याळजी केव्हाच विसरले होते. उरलेली दोन्ही भांड्यात पडली आणि दारावरची बेल वाजली.

"आता काय वाढू पानात? घड्याळं?" बायको कळवळून म्हणाली.

सासूबाई बाहेरच्या खोलीत टेकल्या. सासरे सवयीप्रमाणे थेट स्वयंपाकघरात आले, आणि भांड्यापाशी थबकले. त्यांनी एक अंडं डावावर उचललं. चहूबाजूंनी फिरवून पाहिलं.

"जावईबापू, ही कोणी केली?"

"मीच. सगळी वाया गेली. माफ करा." घाम पुसायला घड्याळजींनी भिंग काढलं, आणि त्यांचे डोळेच विस्फारले. पाण्यात चौदा अंडी होती, गोल, गुळगुळीत, एकालाही चरा नाही. ही आपल्या हातून झाली? त्यांना खरंच वाटेना.

सासऱ्यांनी तिथेच उभ्याने एक अंडं खाल्लं. मग दुसरं खाल्लं. मग दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तीस वर्षं मुख्य आचारी होतो. हे एकदाही जमलं नाही मला. हाताखालचा माणूस करायचा, वाहवा मी घ्यायचो. मला शिकवाल?"

दार नीट लागलं नव्हतं.

"तरीच!" बाहेरून सासूबाई म्हणाल्या. "लग्नापासून म्हणतेय, एकदा घरी करून घाला. तर म्हणे, आपल्या घरचं पाणी बरोबर नाही!"