विरुद्ध पक्षाला प्रत

"ताई, काल जाणाऱ्या टपालात माझं एक पाकीट होतं. गेलं का?" कारकुनाने फायली लावता लावता अगदी सहज विचारले.

वकीलसाहेबांच्या ऑफिसात टपाल सांभाळणाऱ्या ताईंनी शिक्क्यावरची शाई पुसली. "त्याचं काम लावलं की मार्गी. विरुद्ध पक्षाला प्रत दिली."

"कुठला विरुद्ध पक्ष?"

"आत तक्रार कुणाची लिहिलीय? साहेबांची. मग प्रत साहेबांना."

कारकुनाने हातातली फाईल उलटीच लावली.

अर्ज नोकरीचा होता. एका मोठ्या लॉ फर्मची जाहिरात आली होती: वकील हवेत, कारकून हवेत, टायपिस्ट हवेत. कारकुनाने जेवणाच्या सुट्टीत अर्ज लिहायला घेतला आणि जन्मभर दाव्यांशिवाय दुसरे काही लिहिले नसल्यामुळे तो दाव्यासारखाच लिहिला गेला. वर 'अर्जदार', खाली 'विनंती', आणि मध्ये नोकरी सोडण्याची कारणे. सध्याचे वकील ऊठसूट मुदत मागतात. निकाल विरुद्ध गेला की पक्षकाराला सांगायला अर्जदाराला पुढे करतात आणि स्वतः टॉयलेटमध्ये जाऊन बसतात.

आता या ऑफिसातून एकही अर्ज विरुद्ध पक्षाला प्रत दिल्याशिवाय आणि त्याचे लेखी म्हणणे घेतल्याशिवाय बाहेर पडत नसे. एकदा प्रत द्यायची राहिली म्हणून न्यायाधीशांनी भर कोर्टात कागद परत भिरकावला होता, तेव्हापासूनचा हा नियम. नियम कारकुनाचाच. "अर्ज कुणाचाही असो, माझा स्वतःचा का असेना," असे ताईंना शिकवताना तोच म्हणाला होता.

कारकुनाची मनातल्या मनात उलटतपासणी सुरू झाली.

प्रश्न : साहेबांनी प्रत वाचली आहे काय?
उत्तर : माहीत नाही.
प्रश्न : वाचली असती तर तुम्ही अजून या खोलीत उभे असता काय?
उत्तर : पुढचा प्रश्न विचारा.

त्याने जिन्यात जाऊन बायकोला फोन लावला.

"नवी हातात पडेपर्यंत जुनीला हात लावू नका, मी सांगितलं होतं की नाही?"

"मी नाही लावला. ताईंनी लावला."

"पुढच्या महिन्यात आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आत जा, पाकीट उचला आणि खिशात घाला. आणि हसू नका. तुम्ही घाबरलात की हसता."

साहेबांच्या टेबलावर पाकीट होते. बंद. त्यावर चहाचा कप.

"साहेब, टेबल जरा आवरतो," कारकून हसत म्हणाला.

"राहू द्या हो." साहेब त्याच्याकडे बघत नव्हते. "भाऊ, तुम्हाला... आज काही मिळालं का?"

"काय मिळायचं?"

"नाही, सहज."

हे 'सहज' कारकुनाच्या ओळखीचे होते. साहेब साक्षीदाराला खिंडीत गाठण्याआधी असेच विचारत. तो बाहेर आला, तर मागोमाग साहेबही आले. खुर्ची सोडायची म्हटले की ज्यांच्या अंगावर काटा येई, ते साहेब कारकुनाच्या टेबलापाशी घुटमळू लागले. त्याच्या येणाऱ्या टपालाचा ट्रे त्यांनी चाळायला घेतला.

"काही हवंय का, साहेब?"

"छे. धूळ बसलीय."

माणसाला काढून टाकायच्या आधी त्याचे टेबल रिकामे करून घेतात, हे कारकुनाने ऐकले होते. साहेब आत परतले आणि कारकुनाने शेवटचा उपाय काढला. दारात उभा राहून तो म्हणाला, "साहेब, ते भिंतीचा दावा हरलेले पक्षकार आलेत. निकाल विचारतायत."

साहेब ताडकन उठले. उपाय लागू पडला होता. फक्त दोन पावले गेल्यावर ते मागे वळले आणि आत बसल्या बसल्या वाचायला काहीतरी असावे म्हणून टेबलावरचे पाकीट घेऊन गेले.

टॉयलेटची कडी लागली. कारकून दाराला कान लावून उभा राहिला. पाकीट फाडल्याचा आवाज आला. मग पान उलटल्याचा.

"भाऊ," आतून साहेब म्हणाले, "बाहेर आहात का?"

"हो."

"पक्षकार खरंच आलेत?"

"नाही."

"बरं. हे टॉयलेटचं लिहायलाच हवं होतं का?"

कारकून हसला. थांबता येईना.

कडी निघाली. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. "आणि माझं वाचूनही तुम्ही सकाळपासून असे गप्प?"

"तुमचं काय?"

"त्यांच्या ट्रेमध्येच पडलंय ते," ताई टेबलावरून म्हणाल्या. "सगळ्यात खाली."

"ताई, मला सांगायचं तरी."

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तुमच्या पाकिटाचं विचारलंत."

कारकुनाने पाकीट उपसून काढले. आत साहेबांचा त्याच फर्मकडे अर्ज, वकिलाच्या जागेसाठी. कारणे अशी: ऑफिस कारकून चालवतो. अर्जदाराला उद्या कुठल्या कोर्टात उभे राहायचे, हे त्याला विचारावे लागते. पक्षकार आधी त्याच्याशी बोलतात आणि वेळ उरला तर अर्जदाराशी.

दोघेही एकमेकांच्या बुटांकडे बघत उभे राहिले.

"मूळ अर्ज गेले असतील ना, ताई?" साहेबांनी हळूच विचारले.

"जातील कसे? विरुद्ध पक्षाचं म्हणणं आलंय का? भाऊंचाच नियम आहे." त्यांनी खणातून दोन्ही अर्ज काढून समोर ठेवले, प्रत्येकावर एक पेन. "आज अर्जाचा शेवटचा दिवस आहे म्हणे. लिहा, हरकत आहे की नाही. मला पोस्टात जायचंय."

साहेबांनी पेनचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले. ते वाट बघत होते. नेहमीसारखी, कारकून काय करतो याची.

कारकुनाने साहेबांचा अर्ज पुढे ओढला. वर्षानुवर्षे दात-ओठ खात साहेबांसाठी टाइप केलेली ओळ त्याने आज स्वतःच्या हाताने लिहिली : 'म्हणणे देण्यास मुदत मिळावी.'

साहेबांनी ती दोनदा वाचली. चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांनी खाली 'मुदतीस हरकत नाही' लिहिले आणि कारकुनाच्या अर्जावर तीच ओळ उतरवून काढली.

ताईंनी दोन्हीवर शिक्का मारला. "आणि पुढची तारीख कुठली टाकू?"

साहेब आपल्या खुर्चीकडे निघाले होते.

"भाऊंना विचारा," ते म्हणाले.