शेळीचा होकार

आदर्श पाठ कसा घ्यावा हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने माझ्याकडे यावं! मी प्रीती मॅडम, कडेगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पाठ घेण्यात माझा हात धरणारं आमच्या संस्थेत कुणी नाही. हे मीच म्हणते, पण खोटं नाही म्हणत.

यंदा जानेवारीत तर मला पाठ गाजवायचाच होता. संस्थेच्या शहरातल्या, विश्रामबागेतल्या शाळेत विज्ञानाची जागा मे महिन्यात रिकामी होणार होती, आणि माझं घर त्या शाळेपासून चालत सात मिनिटांवर! सहा वर्षं मी पहाटे उठून, दोन एसट्या बदलून शाळा गाठते. मुलगी दुसरीत गेली, तरी तिची वेणी सासूबाईच घालतात, आणि त्या वेण्या इतक्या घट्ट असतात की पोर दिवसभर आश्चर्याने बघत असल्यासारखी दिसते. मला बदली हवी होती, अगदी मनापासून हवी होती. संस्थेचे सचिव नाथाजीराव म्हणाले होते, "आधी पाठ बघतो, मग ठरवतो."

मग मी विषयही तसाच तगडा निवडला. जीवनीतिशास्त्र! प्रयोग कुणावर करावा, कुणाला विचारून करावा, याचं शास्त्र. नववीच्या वर्गात पाच पोरांची 'नीती समिती' नेमली. प्रयोग असा: शेळीला भजन ऐकवलं तर तिच्या हृदयाचे ठोके कमी होतात का? समितीने विचारायचं, "शेळीची संमती घेतली का?" मी म्हणायचं, "शेळी संमती कशी देणार?" मग समितीचा अध्यक्ष सम्मेद याने उठून सांगायचं, "देऊ शकत नाही, म्हणून तिची काळजी आपण घ्यायची." टाळ्या! चार तालमी झाल्या. शेळी पुठ्ठ्याची होती आणि चारही वेळा फार समजूतदारपणे वागली.

पाठाच्या दिवशी नाथाजीराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत पहिल्या बाकावर बसले. तेवढ्यात राणी आत आली. राणी समितीतलीच. तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या शेळ्यामेंढ्या. आणि तिच्या हातातल्या दोरीला एक खरीखुरी शेळी!

"राणी! हे काय?"

"चांदणी हाय, मॅडम. पुठ्ठ्याच्या शेळीचं ठोकं कसं मोजायचं?"

मुद्दा बिनतोड होता. नाथाजीराव खूश होऊन म्हणाले, "आवं, असू द्या की! जिता पाठ हाय!"

मी सावरले. चांदणीने खडूचा डबा हुंगला, हजेरीपत्रकाचा कोपरा खाल्ला, तरी माझी गाडी रुळावर होती. समितीने ठरलेला प्रश्न विचारला. मी एक भुवई उंचावून (तीसुद्धा तालमीत बसवली होती) म्हणाले, "शेळी संमती कशी देणार?"

सम्मेद उठायच्या आत राणी उठली. "देती की, मॅडम! आमच्यात इचारत्यात."

"कसं विचारतात?"

"जत्रंला बोकड कापायच्या आदी त्याच्या अंगावर पाणी वतत्यात. त्यानं अंग झाडलं, की व्हय म्हणला. न्हाई झाडलं, तर थांबायचं."

मी जैन घरातली. आमच्याकडे पालेभाजीतली अळीसुद्धा हलक्या हाताने अंगणात नेऊन सोडतात. विषय बदलायला मी घाईघाईने खडू उचलला. तोवर राणीने आपली पाण्याची बाटली चांदणीच्या पाठीवर उपडी केली. चांदणीने शिंगांपासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं, की नाथाजीरावांची इस्त्री गेली.

"व्हय म्हणलीऽऽ!" वर्ग ओरडला.

गेली विश्रामबाग, मला वाटलं. पण नाथाजीराव तोंड पुसत म्हणाले, "खरं हाय पोरीचं. आमच्या गावातबी असंच इचारत्यात."

आता सम्मेद उठला. त्याचे वडील ऊस लावतात, पण पोरगं वकिलाच्या घरी शोभावं असं. म्हणाला, "ह्याला संमती म्हणत न्हाईत. जानेवारीत गार पाणी वतल्यावर कुणीबी अंग झाडंल."

"मग आमची म्हातारी माणसं येडी व्हती व्हय रं?" राणी कडाडली.

"तसं न्हाई म्हणत. तपासून बघू. जे नको असंल तेच इचारायचं आन् पाणी वतायचं. तरीबी अंग झाडलं, तर रीत खोटी."

"पण चांदणीला काय नको, ते आपल्याला कळणार कसं?" मी विचारलं. विचारायला नको होतं!

"बोलणारं माणूस पायजे," सम्मेद म्हणाला, आणि अख्खी समिती माझ्याकडे बघायला लागली.

नाथाजीरावांनी मांडीवर थाप मारली. "करा, करा! शास्त्र हाय!"

मी झरझर हिशेब मांडला. हलले, तर शास्त्र जिंकणार. नाही हलले, तर मी जिंकणार. हरायला जागाच नव्हती! मी पदर खोचून उभी राहिले.

मला विश्रामबागेला जायचंय हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे सम्मेदने न्यायाधीशासारखं गंभीर होऊन विचारलं, "मॅडम, तुमी कायमच्या आमच्याच शाळेत ऱ्हाणार का?"

आणि राणीने माठातलं तांब्याभर पाणी माझ्या मानेवर ओतलं. मी किंचाळले, थरथरले, जागच्या जागी नाचले! चांदणी घाबरून टेबलाखाली गेली.

"व्हय म्हणल्याऽऽ!"

"नाही!" मी दात वाजवत म्हणाले, "मला नको असतानाही अंग हललं. म्हणजे ही संमती नव्हे! सम्मेदचं बरोबर आहे!"

नाथाजीराव उभे राहून टाळ्या वाजवत होते. "असा पाठ जन्मात बघितला न्हाई!"

मी तरंगतच घरी गेले. मुलीला सांगून टाकलं, "जूनपासून तुझी वेणी मी घालणार!" ती इतकी नाचली, की मलाच भरून आलं.

पंधरा दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. 'अशा कल्पक शिक्षिकेची ग्रामीण भागास नितांत गरज आहे. त्यांनी भर वर्गात दिलेला होकार विचारात घेऊन त्यांना याच शाळेत ठेवण्यात येत आहे.' माझा होकार होता की नाही, हे सचिवांनी म्हणे नीती समितीला लेखी विचारलं होतं. पत्राला समितीचा ठराव जोडला होता: 'होकार होता.' पाच सह्या. पहिली सही सम्मेदची!

मी तडक नववीत गेले.

"सम्मेद! तो होकार नव्हता, हे तूच सिद्ध केलंस ना?"

"व्हय, मॅडम."

"मग सही कशी केलीस?"

त्याने मान खाली घातली. "शास्त्र तुमच्या बाजूनं हाय, मॅडम. पर समिती आमची हाय. तुमी गेल्यावर आमाला असं कोण शिकवणार?"

राग तर आलाच, पण ते पत्र मी नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं. तक्रार करणार कुणाकडे? समिती मीच नेमलेली! ज्याचा स्वतःचा फायदा आहे, त्याने समितीत बसून मत देऊ नये, असा एक धडा जीवनीतिशास्त्रात आहे. तो मी पुढच्या महिन्यात घेणार होते.