पाच मुंडकी आणि ताप

पेंटरने फक्त एक भुवई काढायचे ठरवले होते. एक भुवई म्हणजे काही काम नव्हे. तेवढे तापातही जमते, असे त्याला वाटले. (तापातल्या माणसाला काय वाटते त्याला अर्थ नसतो. पण हे सांगणारे माणूस सकाळीच कामावर निघून गेले होते.)

ते माणूस म्हणजे त्याची बायको. ती बसमध्ये कंडक्टर. तिच्या एका आवाजाने भरलेली बस पुढे सरकते, तिथे नवऱ्याची काय कथा. जाताना तिने बजावले होते की औषध घ्यायचे, पडून राहायचे, पोरीवर लक्ष ठेवायचे आणि ब्रशला हात लावायचा नाही. पेंटरने मान हलवली. घसा असा बसला होता की मान हलवण्यापलीकडे त्याला काही बोलता येत नव्हते. तेव्हा आपण खोटे बोललो नाही, हे त्याचे म्हणणे खरेच आहे.

पाट्या रंगवणारे पेंटर पुष्कळ आहेत. हा तोंडे रंगवी. कापडाच्या दुकानात काचेमागे पुतळे उभे असतात, त्यांच्या चेहऱ्याचे रंग उडतात, ते हा नव्याने भरी. बाजारातल्या सर्वांत मोठ्या दुकानाच्या पुतळ्यांना अकरा वर्षे दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. त्याची रीत ठरलेली. समोर आरसा टांगायचा आणि स्वतःचे तोंड बघत रंगवायचे. पुतळा हसरा हवा तर आपण हसायचे, ऐटबाज हवा तर आपण ऐट करायची. बायकांचे चेहरेही तो आपल्याच तोंडावरून काढी. मिशी तेवढी गाळून.

या खेपेला पाच मुंडकी आली होती. तीन पुरुष, दोन बायका. आतून पोकळ, खालून बंद, ओठांत फट असलेली. जुना रंग खरवडून पांढरीफटक केलेली ती भिंतीजवळच्या खालच्या फळीवर ओळीने बसली होती. संध्याकाळी पाचला दुकानाची गाडी येणार होती. दुकानदार जाता जाता एवढेच म्हणाला होता की हल्ली बिनचेहऱ्याचे पुतळे निघालेत. नाक नाही, डोळे नाहीत, अंड्यासारखे गुळगुळीत. फडक्याने पुसले की झाले. या वेळचे काम मनासारखे झाले तर ठीक, नाही तर तेच मागवू.

अकरा वर्षांची कारागिरी एका अंड्यापुढे हरणार होती. म्हणून ती भुवई.

पोरीचे नाव टिचकी पडले होते. वय अडीच, देह टीचभर. पेंटरने तिच्या हातात बिस्कीट दिले. उजेड डोळ्यांना टोचत होता म्हणून पडदे ओढले आणि आरशासमोर बसला. बिस्कीट संपेपर्यंत एक भुवई झाली. चांगली झाली. मग एकच भुवई बरी दिसेना, म्हणून दुसरे बिस्कीट दिले.

पुढे हिशेब त्याला कळत गेला. रिकाम्या डब्यांची उतरंड रचून ती कोसळेपर्यंत एक डोळा होतो. पुन्हा रचेपर्यंत दुसरा. पॉटवर बसवले की टिचकी गाणी म्हणते. तेवढ्यात दोन ओठ आणि एक नाकपुडी. अंगात ताप, गुडघ्यात कळ, आणि ब्रश मात्र लोण्यातून जावा तसा चाललेला. एवढ्या मायेने त्याने कधी रंगवले नव्हते. दिवसभर मोकळा असताना माणूस आळसावतो. चोरलेली पाच मिनिटे गोड लागतात.

तिसरे तोंड झाल्यावर तो क्षणभर आडवा झाला.

जाग आली ती आवाजाने. ठक. ठक. ठक. बंद दार कुणी आतून वाजवावे तसा. मग कुजबुज.

"आ कर."

ठक.

"आ कर ना."

मग काहीतरी थेंबथेंब गळू लागले. पेंटरने फळीकडे पाहिले. मुंडकी चार होती. त्याने पुन्हा मोजली. ताप माणसाला चाराची आठ दाखवतो, पाचाची चार दाखवत नाही. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आले की शेजारची उशी खोलगट झाली आहे.

त्याने हळूच मान वळवली. (कुणीही हळूच वळवली असती.) हनुवटीपर्यंत गोधडी ओढून एक मुंडके त्याच्याकडे बघत होते. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. डोळ्यांच्या कडा लाल. ओठ ओले, आणि ओठांच्या कोपऱ्यातून लालसर धार गळ्यापर्यंत गेलेली. ती नजर त्याने कुठेतरी पाहिली होती. नात्यातला माणूस रस्त्यात भेटावा आणि नाव आठवू नये, तसे झाले.

त्याने ते उचलून, पुसून फळीवर ठेवले. आपणच झोपेत इथे आणले असणार, अशी समजूत काढली. टिचकी कोपऱ्यात गप्प बसली होती. गप्प बसलेले पोर ही घरातली सर्वांत भयंकर वस्तू आहे, पण हे पेंटरला त्या दिवशी सुचले नाही. तो चौथ्या मुंडक्याकडे वळला.

आरशातून नजर काढून मागे पाहावे तर एक मुंडके भिंतीकडे तोंड करून बसलेले. तासाभराने पाहावे तर दुसऱ्याच्या कपाळावर ओला रुमाल. पेंटरला घाम फुटला. घाम आला म्हणजे ताप उतरतो असे म्हणतात. याचा चढला. तरी त्याने हात थांबवला नाही. तीनच्या सुमारास पाचवे तोंड पुरे झाले आणि तो अंथरुणावर पडला.

पुन्हा जाग आली तेव्हा डोळ्यांवर गार काहीतरी होते. ओला रुमाल. त्याच्या कडेखालून बोटभर खोली दिसत होती. डावीकडे, त्याच्याच अंथरुणावर, पाचही मुंडकी ओळीने निजली होती. सगळ्यांच्या गळ्यापर्यंत पांघरूण, सगळ्यांच्या कपाळावर ओल्या घड्या. ओळीत सहावा तो.

टिचकी हातात चमचा घेऊन पलीकडच्या टोकापासून येत होती. एकेका कपाळावर चमचा वाजवत होती.

ठक. "हे बाबा." ठक. "हे बाबा." ठक. "हे पण बाबा."

त्याच्यापाशी आली. चमचा मारला. ठक वाजले नाही. ती थांबली. वाकून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"हे नाही," ती म्हणाली.

आणि परत जाऊन तिने तिसऱ्या मुंडक्याच्या गालावर गाल टेकला.

पेंटरने हाक मारायला तोंड उघडले. आवाज निघाला नाही. उठू गेला तर पांघरूण असे घट्ट खोचलेले की हात कुठे आहेत ते कळेना. आपल्याला हात होते की नाही, हेच त्याला नीट आठवेना. क्षणभर वाटले, पोरीचेच बरोबर असेल. आपण फळीवरचे.

फोन वाजला. टिचकीला हिरवे बटण चांगले ठाऊक. बायको बसआगारातून बोलत होती. बाबा काय करतायत, असे विचारत असावी.

"झोपले," टिचकी म्हणाली. मग सगळीकडे नजर फिरवून, "सगळे झोपले. गार झाले."

पलीकडून फोन बंद झाला.

बायको अर्ध्या तासात आली. किल्ली कुलपात चार वेळा चुकली, ते पेंटरने ऐकले. खांद्याला तिकिटांची बॅग तशीच. बंद पडद्यांच्या अंधूक उजेडात ती अंथरुणाशी आली, पहिल्याच चेहऱ्यावर तिची नजर गेली. तिने कपाळाला हात लावला. थंडगार. ती मटकन खाली बसली.

मग अगदी खालच्या आवाजात, जो आवाज पेंटरने लग्नापासून ऐकला नव्हता, ती त्या मुंडक्याला म्हणाली, "माणूस वाईट नव्हता हो. मीच तोडून बोलायचे."

पेंटरला वाटले, आणखी थोडे ऐकावे. पण नाकात रंगाचा वास शिरला आणि त्याला शिंक आली.

बायकोने त्या मुंडक्याकडे पाहिले, मग ओळीतल्या शेवटच्याकडे. "तुम्ही तिकडे आहात?" ती म्हणाली. "मग मी इतका वेळ कुणाशी बोलतेय?" उत्तराची वाट न बघता तिने पडदे सरकवले, टिचकीला उचलून तिचे तोंड हुंगले, औषधाची बाटली पाहिली. बाटली रिकामी. तिचा चेहरा पुन्हा उतरला. मग एक मुंडके उचलून कानाशी हलवले. आत खळखळ वाजले. पाचही हलवल्यावर औषधाचा हिशेब लागला. तिचा नेहमीचा आवाज परत आला तो पुढे रात्रीपर्यंत टिकला.

गाडी पाचला आली. मुंडकी पुसून, कोरडी करून गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने बोलावून घेतले. ताप उतरला होता. पेंटर रस्त्यात उभा राहिला आणि काचेतून बघू लागला. नवे कोट, नव्या टोप्या, आणि वर पाच चेहरे. डोळे अर्धे मिटलेले, नाके सुजलेली, तोंडे श्वासासाठी उघडी. आरशाने काही लपवले नव्हते. लोक थांबत, बघत आणि दोन पावले मागे सरत. एक आजी आत जाऊन सांगून आली होती की त्या पोरींना आधी बसवा, त्यांच्याने उभे राहवत नाही. दुकानदाराने फारसे बोलणे वाढवले नाही. अंडी मागवली होती.

पेंटर मुंडकी घेऊन निघाला तेव्हा शेजारच्या औषधवाल्याने त्याला हाक मारली. एक मुंडके मागून घेतले, गळ्याला मफलर गुंडाळला आणि काचेत खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवले. आठवड्यात औषध संपले. मग त्याने आणखी एक मुंडके रंगवायला सांगितले. हा औषध घेण्यापूर्वीचा. शेजारी औषध घेतल्यानंतरचा, खणखणीत बरा झालेला माणूस हवा.

पेंटरची मान पुन्हा ताठ झाली. दोन दिवस त्याने कामाला दिले. दाढी केली, केस बसवले, पोटभर जेवला, रात्री गाढ झोपला. बायकोने रजा घेऊन टिचकीला बाहेर नेले. पडदे सताड उघडे. आरशात बघून त्याने आपला धडधाकट, तजेलदार चेहरा उतरवला. एवढे चांगले तोंड त्याने आयुष्यात काढले नव्हते.

औषधवाल्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. लांबून पाहिली, जवळून पाहिली.

"काम झकास आहे," तो म्हणाला. "दोघेही आजारी अगदी जिवंत वाटतात. आता तो बरा झालेला कधी देताय?"