जोमाकाकाचं कोरडं पुण्य

जोमाकाकाचे उपकार मानणं हा आमच्या गावात धोक्याचा प्रकार होता. "काका, तू होतास म्हणून निभावलं," एवढं कुणी म्हणायचा अवकाश, काका दोन्ही कानांवर हात ठेवून पळत सुटायचा आणि पळता पळता त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. एवढं करूनही समोरच्याच्या डोळ्यांत कृतज्ञता शिल्लक दिसली, तर परत येऊन त्याच्या कुंपणाची एखादी काठी उपटून न्यायचा.

ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांतली. आमचं गाव खाडीच्या काठी. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि ती शेती खाऱ्या पाण्यापासून वाचवणारा मातीचा लांबलचक बांध. जोमाकाका मिठागरात मजुरी करायचा. उंच, काटकुळा, उन्हानं करपलेला माणूस. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. तसा तो कुणाचाच सख्खा काका नव्हता, म्हणून सगळ्या गावाचा काका होता.

त्याच्या या वेडाचं मूळ एका सप्ताहात होतं. कीर्तनाला आलेले बुवा म्हणाले होते की केलेल्या पुण्याची वाहवा झाली की ते तिथंच संपतं. बुवा त्यानंतर आणखी तासभर बोलले, पण काका तेवढं एकच वाक्य घेऊन उठला आणि जन्मभर त्याला चिकटून राहिला.

"पुन्य म्हंजी मीठ," तो मला समजावायचा. "पाटीत भरायचं न् डोक्यावरून वर न्यायचं. वाटंत कोनी बरा बोलला का पाऊस पडला समज. वर जाऊन पाटी उतरवशील तं आत काय? वला फडका."

म्हणून 'भिजवू नको' हे त्याचं पालुपद. कुणाचा चेहरा जरा हळवा झाला की लगेच, "भिजवू नको रं, भिजवू नको."

आमच्या शेजारची बायजाआत्या विधवा होती. दर वैशाखात काका न बोलावता तिच्या घरावर चढून कौलं चाळून द्यायचा. बिचारी निदान चहा तरी द्यावा म्हणून कप घेऊन यायची. काका शिडीवरूनच एक घोट घेऊन चार घरांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "ह्यापरीस खाडीचं पानी बरं." आत्या खवळायची. तिच्या शिव्या पुढच्या वैशाखापर्यंत पुरायच्या. काका समाधानानं खाली उतरायचा.

एकदा पोलीस पाटील हाशा पाटील तापानं फणफणले. ओहोटी होती, होडी दूर चिखलापलीकडे. काकानं त्यांना पाठुंगळीला मारलं, मांडीभर चिखल तुडवत उस्मानभाईच्या होडीत घातलं आणि तालुक्याच्या डॉक्टरकडे पोचवलं. येताना मात्र पाटलांची एक वहाण उचलून आणली. त्याचा हिशेब अचूक ठरला. पाटील बरे झाले आणि पुढची दोन वर्षं गावभर त्या वहाणेबद्दल बोलत राहिले. आपल्याला चिखलातून कुणी नेलं हे साफ विसरले.

उस्मानभाई होडीवाले काकाचे मित्र. ते म्हणायचे, "नेकी छुपवून करायची, हे आमच्यात पन हाय. पन चप्पल चोरायची, हे कुठल्या किताबात लिवलंय, जोमा?"

"वलं होयाचं भ्याव तुला काय ठावं. तू मिठाचा धंदा केलास का कदी?" काका उत्तर द्यायचा.

मी एकदा त्याला विचारलं होतं की एवढं कोरडं पुण्य वर नेऊन मिळणार काय. काका जरा लाजला. म्हणाला, "दारात गोड्या पान्याची हीर." आमच्या बायका गोड्या पाण्यासाठी मैलभर जायच्या, तेव्हा ही मागणी रास्तच होती. आणखी काय, म्हटलं. "डास नको." आणखी? त्याला बराच वेळ विचार करावा लागला. "सांजचा कोन तरी बोलाया," तो म्हणाला. मी डासांवरच हसत राहिलो.

इथवरचं गावातल्या कुणीही सांगितलं असतं. यापुढचं फक्त मी सांगू शकतो, आणि आजवर सांगितलेलं नाही.

आमच्या बांधाला एक दार होतं. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं जादा पाणी खाडीत सोडायचं, भरती चढायच्या आत फळ्या परत बसवायच्या. घराघराची पाळी असे. त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला माझी पाळी होती. मी बावीस वर्षांचा होतो. शाळामास्तराच्या नोकरीचं पत्र आठच दिवसांपूर्वी आलं होतं. पोलीस पाटलांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला तेवढा जोडायचा बाकी होता.

अमावास्येचं उधाण भर दुपारी चढतं. मी सकाळी फळ्या काढल्या आणि वडिलांचं पान ठेवायला घरी आलो. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. पान ठेवलं, पण कावळा शिवेना. समोरच्या माडावर बसून नुसता बघत होता. आई रडायला लागली, यांचं मन कशात अडकलंय म्हणून. मग मी हात जोडून वडिलांना एकेक वचन देत गेलो. आईला सांभाळीन. बहिणीचं लग्न थाटात करीन. गाय विकणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी आईला काय आठवलं कोण जाणे, आत जाऊन तिनं एक विडी आणली आणि पानावर ठेवली. कावळा झटक्यात उतरला.

तेव्हा कुठं मला उघाडी आठवली.

धावत गेलो तर काका छातीभर पाण्यात उभा राहून एकटा फळ्या बसवत होता. उशीर झाला होता. दाणा भरत आलेल्या भातात खारं पाणी पार पलीकडच्या टोकापर्यंत पसरलं होतं. मागून हाशा पाटील आणि सगळा गाव धावत येत होता. मी तोंड उघडायच्या आत काका पाण्यातूनच ओरडला, "मी काढल्या फल्या. जिताडा धराया."

जिताडा हा आमच्या खाडीतला सगळ्यांत चवदार मासा. त्याच्यासाठी माणूस असं करू शकतो हे प्रत्येकाला पटलं, कारण प्रत्येकाच्या मनात ते कधी ना कधी येऊन गेलं होतं. पाटलांनी मला विचारलं, तू कुठं होतास? त्यालाही काकानंच उत्तर दिलं. "त्याला मीच घरी धाडला. बापाचं पान ठेव बोललो." दोघातिघांनी त्याला बाहेर ओढून मारलं. मी बघत उभा होतो.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. एक डोळा सुजून मिटला होता, दुसरा चमकत होता. "आख्ख्या गावाच्या शिव्या," तो म्हणाला. "येका दिसात. असा योग जलमात येकदा येतो रं. वर इंद्राला घाम फुटला असंल." मी त्याच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो तर तो टुणकन मागे सरला. "भिजवू नको. कुनाजवल बोललास तं माझा सगला माल गेला."

मला ते पटलं. पटण्यातच माझी सोय होती. दाखला मिळाला आणि मी मास्तर झालो, त्याच गावात.

काकाला गावानं वाळीत टाकलं. लग्नाचं बोलावणं बंद, विस्तव बंद, बोलणं बंद. पुढचे दोन पावसाळे भात नीट धरलं नाही, त्यामुळे राग शमायचं कारणच नव्हतं. उस्मानभाई तेवढे येत, पण तेही वर्षभरात मुंबईला मुलाकडे गेले. काकाची पंचाईत अशी, की आता त्याला कुणी चांगलं काम करूच देईना. बांधाला माती लावताना दिसला की लोक ढेकळं मारत. मग तो भर दुपारी, गाव झोपल्यावर, चोरासारखा बांध दुरुस्त करायचा. बायजाआत्या पाण्याला गेली की कौलांवर चढायचा. आत्या कौतुकानं सगळ्यांना सांगायची की अलीकडे वानरं कौलं फोडत नाहीत, उलट नीट लावून ठेवतात.

काही वर्षांनी सरकारनं पक्का बांध घातला. तोवर मी बांध कमिटीचा सेक्रेटरी झालो होतो. उद्घाटनाला मी भाषण केलं. त्यात, एका माणसाच्या जिभेच्या चोचल्यापायी साऱ्या गावाच्या तोंडचा घास कसा गेला, हेही सांगितलं. कुणी सांगायला लावलं नव्हतं. बोलण्याच्या ओघात आलं, टाळ्या पडल्या. काका लांब माडाखाली उभा होता. नंतर वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "भाषन चांगला केलास." मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. चमक नव्हती.

त्यानंतर दोन वर्षांनी तो आजारी पडला. वाळीत टाकलेला असला तरी मरणाऱ्याला एकटं टाकत नाहीत, म्हणून पाटील चौघांना घेऊन त्याच्या ओसरीवर येऊन बसले होते. सकाळची वेळ होती. मी आत त्याच्या उशाशी बसलो.

"मास्तर," तो म्हणाला, "तू शिकलेला. वर खरंच काय हाय का रं?"

मी म्हटलं, असेल.

"असंल," तो आढ्याकडे बघत म्हणाला. "तेरा वर्सं कोनी बरा बोलला नाय. वरचं वर बघू. तू येकदा बोल. त्यांना आयकाया जाईल असा बोल."

काय बोलायचं हे त्यानं सांगितलं नाही, मला विचारावं लागलं नाही. बाहेर पाटील तंबाखू मळत होते. माझी नोकरी, कमिटी, धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

"काका," मी म्हणालो, "पाणी देऊ का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. समोरच्याला अवघड हिशेब घातला आणि तो चुकला, की मास्तर पाहतो तसं.

"दे," तो म्हणाला.

दोन घोट प्यायला. दुपारी गेला.

आज पाटील नाहीत, आत्या नाही, कमिटीही नाही. मागच्या महिन्यात गावच्या बैठकीत मी उठून हे सांगायला लागलो, तर पुढे बसलेल्या एकानं विचारलं, "गुरुजी, जोमा कोण?" म्हणून पहिल्यापासून लिहावं लागलं.

लिहिताना एक भीती होती. काकाचं म्हणणं खरं असेल, तर माझ्या या लिहिण्यानं त्याचं सगळं जपून ठेवलेलं आज पाण्यात जाईल. खोटं असेल, तर हे त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. दोन्हीकडून माझी अडचण आहे. पण त्यानं मागितलं होतं, आणि आयुष्यात त्यानं माझ्याकडे तेवढंच मागितलं.

उघाडीच्या फळ्या मी उघड्या टाकल्या होत्या. जोमाकाका, तुझे माझ्यावर उपकार झाले.

हे मी आत्ता मोठ्यानं वाचून पाहिलं. म्हाताऱ्याचा आवाज फार लांब जात नाही. त्या दिवशी ओसरीपर्यंत गेला असता तरी पुरे होतं.