रिकामी काच आणि लाल वर्तुळं

बाळांनो, आधी माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. शिवाय या गोष्टीत 'शी' हा शब्द येणार आहे. त्याला दुसरा चांगला शब्द मला येत नाही.

तर नकाशात नसलेल्या एका जंगलात एक रानडुकरीण होती. तिला पिल्लू झालं. पिल्लू गोड होतं, पण जन्मल्यापासून त्याला शीच झाली नाही. पोट नगाऱ्यासारखं ताणलं. दूध पाजलं की हिरवी उलटी व्हायची.

डुकरीण त्याला जंगलाच्या दवाखान्यात घेऊन गेली. सुतारपक्ष्याने आतड्याचा इवलासा तुकडा काढला आणि घुबड डॉक्टरांकडे पाठवला. घुबडाचं काम भिंगातून तुकडे बघायचं.

"आतड्यात काही पेशी असतात," घुबडाने तिला समजावलं. "त्या आतड्याला म्हणतात, ढकल पुढे. काही पिल्लांच्या आतड्यात खालच्या भागात त्या जन्मतःच नसतात. मग तेवढा भाग कापून वरचं चांगलं आतडं खाली जोडायचं. पिल्लू वाचतं."

"मग बघा की लवकर!"

घुबडाने बघितलं. तसली एकही पेशी नव्हती. पण पेशी नाही असं लिहिणं मोठं अवघड. एखादी नजरेतून सुटली असेल तर? म्हणून दवाखान्याने नवं हुशार यंत्र आणलं होतं. पेशी दिसली की यंत्र तिच्याभोवती लाल वर्तुळ काढी. नाही दिसली तर गप्प बसे.

पण उद्घाटनाशिवाय यंत्र सुरू कसं करायचं? कारभारी कोल्ह्याने मांडव घातला. यंत्राला झेंडूचा हार घातला. सिंहमहाराज आले. नारळ फुटला. पिल्लाचा तुकडा काचेवर ठेवून यंत्राखाली सरकवला.

पडद्यावर काहीच आलं नाही.

"बिघडलंय का रे?" सिंहाने विचारलं.

"नाही महाराज," घुबड पुटपुटलं. "काही न दिसणं हेच उत्तर आहे."

"म्हणजे मी एवढ्या लांबून रिकामा पडदा बघायला आलो?"

कोल्हा यंत्राकडे धावला. यंत्राला एक बटण होतं. पूर्ण खात्री असली तरच वर्तुळ काढायचं, की नुसता संशय आला तरी काढायचं, हे त्यावर ठरे. कोल्ह्याने ते संशयाकडे फिरवलं. चार लाल वर्तुळं आली. टाळ्या पडल्या. त्याने आणखी फिरवलं. पडदा वर्तुळांनी भरला. काचेवर उडालेल्या गुलालालाही वर्तुळ मिळालं.

"वा!" सिंह म्हणाला. "पिल्लू ठणठणीत आहे. एरंडेल पाजा."

डुकरीण घुबडासमोर उभी राहिली. "डॉक्टरसाहेब, तुम्ही सोताच्या डोळ्यांनी बघितलं ना? होत्या का पेशी?"

घुबडाच्या खांद्यावर नुकतीच शाल पडली होती. ते म्हणालं, "मी बघितलं खरं. पण यंत्राने जास्त बघितलं."

"मग त्यातलं एक वर्तुळ घाला माझ्या लेकराच्या पोटात!" डुकरीण ओरडली. पिल्लाला उचलून ती टेकडीपलीकडच्या जंगलात पळाली.

तिथे बगळा डॉक्टर होता. यंत्र तसंच होतं, फक्त हार नव्हता. पिल्लाच्या आतड्याचे नवे तुकडे काढून काचांवर ठेवले, पण बटणाला कुणी हात लावला नाही. यंत्र गप्प बसलं. मग बगळ्याने स्वतः सगळ्या काचा एकेक करून तपासल्या.

"यंत्र म्हणतं नाही. मी पण म्हणतो नाही. घ्या आत."

पिल्लाचं ऑपरेशन झालं. काही दिवसांनी पिल्लाने अशी शी केली, की डुकरीण आनंदाने नाचली.

ही बातमी टेकडी ओलांडून आली. कोल्ह्याने लगेच दवाखान्यावर फलक लावला: 'आमच्या यंत्राने ठणठणीत ठरवलेलं पिल्लू आज ठणठणीत!' घुबडाला दुसरी शाल मिळाली.

तात्पर्य: यंत्र खरं बोललं तर त्याचं बटण फिरवावं. डॉक्टर खरं बोलायला लागला तर त्याला शाल घालावी. आणि पिल्लू वाचवायचंच असेल, तर उद्घाटन न झालेला दवाखाना शोधावा.

एवढं लिहून मी झोपलो. आमच्या घरी परवाच वहिनी बाळंत झाली आहे. मला बायकांशी बोलायची लाज वाटते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीच्या दाराशी उभा राहिलो आणि मोठ्याने विचारलं, "वहिनी, बाळाला शी झाली का?"

आत सगळ्या हसल्या. "झाली हो भावोजी! आता एवढी काळजी आहे तर दुपटीही तुम्हीच धुवा."

मी धुतली.