प्रमिलाबाईंचा दुसरा राउटर

"नंदुरबारना मानूस कसाले बलावतस? मी शे ना!"

प्रमिलाबाईंनी पदर खोचला आणि सारंगखेड्याच्या त्या घरात दुसरा राउटर बसवायचं काम सुरू झालं!

कारणही तसंच होतं. सून स्वप्नालीची अकरा वाजता लॅपटॉपवरून मुलाखत. नोकरी घरबसल्या गणित शिकवायची, आणि साहेबांना एक धडा शिकवून दाखवायचा. खाली नवऱ्याचा, दोधूअप्पांचा नेटवरचा टीव्ही, मिक्सर, येणारेजाणारे. शांतता फक्त वरच्या खोलीत, आणि नेट फक्त खाली!

प्रमिलाबाई सातवी शिकलेल्या. पण तीन दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी सगळं वहीत उतरवलं होतं. जिन्यावरून वायर वर नेली, खोलीबाहेरच्या कोनाड्यात नवा राउटर ठेवला, आणि मोबाइल-लॅपटॉपना नेटवरचे पत्ते नेमून द्यायचं त्याचं काम स्वतःच्या हातानं बंद केलं; ते खालच्या जुन्या राउटरकडेच ठेवलं.

"पाहुण्यांनी कुठं झोपायचं हे घरात एकीनंच ठरवावं," त्यांनी सुनेला समजावलं. "दोघी ठरवायला लागल्या, की एकाच गादीवर दोन पाहुणे!"

बी.एस्सी. झालेली स्वप्नाली बघतच राहिली. आधी छोट्या वायरनं लॅपटॉप जोडून पाहिला, मग बिनवायरीचं. दोन्ही धावत होतं! प्रमिलाबाईंची छाती अशी फुगली की ब्लाउजचा हूक घाबरला.

अकरा वाजले. धडा सुरू झाला. तेवढ्यात हळूच वर आलेल्या अप्पांना ती छोटी वायर दिसली. एक टोक राउटरमध्ये, दुसरं लोंबकळतंय.

"हाई तोंड उघडं कसाले शे वं?"

बावीस वर्षं पपईला ठिबक चालवणाऱ्या बाईची चूक नवऱ्यानं दाखवावी! नळीचं शेवटचं तोंड उघडं राहिलं तर सगळं प्रेशर तिथूनच जाणार, हे काय त्यांना माहीत नव्हतं? त्यांनी ते टोक उचललं आणि त्याच राउटरच्या मोकळ्या भोकात खट्कन बसवलं.

राउटरचे दिवे यात्रेतल्या पाळण्यासारखे लखलखायला लागले!

"देखा! कसं प्रेशर वाढनं!"

आतून किंकाळी आली, "आई! साहेब थिजले!"

खरंच, पडद्यावर साहेब तोंड अर्धं उघडं ठेवून बसले होते, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे. मोबाइलचं नेट तर एका काडीवर तडफडत होतं. स्वप्नालीनं साधा फोन लावला. "पाच मिनिटं थांबतो म्हणाले!" तिचे डोळे भरून आले.

"मन्हा टीव्ही बी गया!" तोवर खाली गेलेले अप्पा ओरडले.

प्रमिलाबाईंनी राउटर बंद केला, चालू केला. पुन्हा तोच पाळणा! शेवटी पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यात ड्यूटीवर असलेल्या मुलाला, नवनीतला फोन.

"माय, नवं काय लायं तुनी?"

"काहीच नही रे! उलटं, मी वायरनं उघडं तोंड बंद करं!"

"कोठे बंद करं?"

"त्याच राउटरमा."

पलीकडून फिसकन हसू. "माय, नळी फिराई त्याच नळीमा जोडी तर पानी कोठे जाई?"

प्रमिलाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गरगर फिरत राहील, आणि झाडाला थेंब नाही! पुढचं ऐकायलाही त्या थांबल्या नाहीत. टोक उपटलं. पाळणा थांबला. साहेब हलले!

अर्ध्या तासानं स्वप्नाली धावत बाहेर आली. "आई, निवडलं मला! नेट इतक्या लवकर कोणी दुरुस्त केलं, विचारत होते. म्हटलं, आमच्या सासूबाईंनी! साहेबांनी टाळ्या वाजवल्या!"

प्रमिलाबाईंना घर एकदम लहान वाटायला लागलं.

"बंद कोनी पाडं, ते बी सांगं का तुनी?" अप्पांनी सुनेला विचारलं.

"त्यासनी इचारंच नही!" तिच्याआधी प्रमिलाबाईच बोलल्या, आणि चहा टाकायला जरा जास्तच लगबगीनं खाली गेल्या.