भोईरकाका आणि ब्राउझरचा दावा

भिसेगावात कुणी नवा मोबाइल घेतला की तो देवापुढे ठेवायच्या आधी भोईरकाकांच्या हातात जातो. काका एका बोटानं पडदा सरकवतात, इंटरनेट उघडायच्या चित्रावर थांबतात आणि विचारतात, "ह्यो ब्राउझर तू मागितला होतास?"

"नाही काका. आतच होता."

"म्हंजे तुला कुणी इचारलं नाय?"

"नाही."

"हेच! हेच वादीचं म्हणणं हाय!"

माझ्याही मोबाइलची अशी चौकशी झाली. मी म्हटलं, "काका, चाललंय की व्यवस्थित." त्यावर त्यांनी माझ्याकडे फितूर साक्षीदाराकडे बघावं तसं बघितलं.

काका निवृत्त बेलिफ. उभी नोकरी समन्स बजावण्यात गेली. कोंडाणे गावाच्या चढावर धापा टाकत त्यांनी भावाचा कागद भावाला नेऊन दिलाय. निवृत्तीनंतर गावातल्या बांधाच्या, वाटणीच्या दाव्यांत त्यांचं मन रमेना. मग कधीतरी पेपरात वाचलं, की सातासमुद्रापलीकडे बलाढ्य कंपन्या ब्राउझरवरून कोर्टात भांडतायत. तेव्हापासून काका दुसऱ्या विषयावर बोललेले मी ऐकलेले नाहीत. कंपन्यांची नावं ते घेत नाहीत. एक वादी, एक प्रतिवादी, बाकीचे साक्षीदार. "आज जी कंपनी साक्षीला येऊन रडते ना, ती कधी काळी ह्याच गुन्ह्यात पिंजऱ्यात उभी होती," हे सांगताना तर त्यांचा चेहरा असा उजळतो, की जणू दोन्ही वेळचं समन्स त्यांनीच बजावलंय.

एकदा चहाच्या टपरीवर मी म्हटलं, "पण काका, दुसरा ब्राउझर घ्यायला कुणी अडवलंय का?"

"अडवलं नाय. समज, स्टेशनाभोवतीची जागा एकाचीच हाय. तो म्हणतो, टपऱ्या कुणीपण टाका रं, माझी ना नाय. पण गाडीतून माणूस उतरला की पयला वडा माझा, तो पण थेट तोंडात. आता भरल्या तोंडानं तो दुसऱ्या टपरीवर जाईल काय?"

मी उत्तर द्यायला गेलो. तोंडात वडाच होता.

निवडीचं हे तत्त्व काकांनी पुढं सगळीकडे लावलं. कळंबच्या एका लग्नात त्यांनी वाढप्याचा हात धरला. "आधी इचार, मग वाढ." मागं अख्खी पंगत खोळंबली. 'पयल्या नंबरावर जे असतं तेच लोक उचलतात' असं त्यांना कुठंतरी वाचायला मिळालं, तेव्हा ते रोज सकाळी टपरीवरच्या बरण्यांची जागा बदलायला लागले. टपरीवाला रडकुंडीला आला. "काका, गिऱ्हाईक नानकटाई मागतं, माझा हात खारीत जातो!"

प्रतिवादी मोठी कंपनी दोषी ठरली त्या दिवशी काकांनी आळीत जिलेबी वाटली. बायका विचारत होत्या, कुणाचं जमलं?

पण पुढं दुसरा आदेश आला. कंपनी दोषी खरी, पण वादी म्हणतो तसा ब्राउझर विकायला नको, तो तिच्याचकडे राहणार. त्या दिवशी काका टपरीवर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. माणसानं मनाला लावून घेतलं असणार, म्हणून मी घरी गेलो. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेल्यापासून कुणी फारसं त्यांच्या घरी जात नसे. मीही नाही.

दार लोटलेलं होतं. काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. काका स्टुलावर बसून त्यांचे केस विंचरत होते आणि बोलत होते, "...तर न्यायाधीश म्हणले, इकायची गरज नाय..."

मला बघून ते ओशाळले. "बस. ताप आलाय हिला, म्हणून आलो नाय."

"मला वाटलं, निकालामुळं..."

"निकाल? अपील होणार रं! अजून लय वर्षं चालंल." त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. मग फणीतले केस काढत हळूच म्हणाले, "डॉक्टर म्हणले, हिच्याशी सारखं बोलत ऱ्हावा. मला कुठं बोलता येतं? जन्मभर लोकांच्या दारात उभा ऱ्हायलो, कागद दिला, सही घेतली, निघालो. घरात पण तसंच. जेवलो, निजलो. बोलायला बसलो तर दोन दिवसांत सगळं सपलं. गावातलं सांगावं तर नुसती भांडणं, ती ऐकून ही रडते. ह्यो दावा बरा. आपलं कुणी त्यात नाय, आन् तो सपत पण नाय."

काका पुन्हा फणी फिरवायला लागले. 

"म... मग?"

मी दचकलो. काकू बोलल्या होत्या. वाकड्या ओठांतून, कष्टानं, पण काकांकडे बघत.

काका मला विसरलेच. स्टूल पलंगाला आणखी चिकटवून म्हणाले, "मग काय गं, मोठ्या कंपनीचा वकील उभा ऱ्हायला..."

मी चपला घातल्या आणि बाहेरून दार हळूच ओढून घेतलं.